ओळख सातबाऱ्याची (भाग ६) : ‘बारा वर्षं आम्हीच कसतोय’

मागच्या भागात सातबाऱ्यावरच्या नोंदींना किती वजन असते, ते पाहिले. आज त्याच नोंदींच्या आधारावर केला जाणारा एक दावा पाहू. बदलापूर गावात जमिनीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बारा वर्षं आम्हीच कसतोय, आता जमीन आमचीच.’ कुळगाव-बदलापुरात इमारती उठल्या, भातखाचरांचे व्यवहार गुंठ्यावर होऊ लागले आणि या वाक्याने सख्ख्या भावंडांना कोर्टात उभे केले.

वाक्य अर्धे खरे आहे. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकाने ताबा परत मिळवण्याचा दावा, समोरच्याचा कब्जा ‘प्रतिकूल’ झाल्यापासून १२ वर्षांत लावायचा असतो. तो लावला नाही, तर कलम २७ मुळे त्याचा जमिनीवरचा हक्कच संपतो. सरकारी जमिनीला हीच मुदत ३० वर्षांची.

पण नुसते जमिनीवर असणे म्हणजे प्रतिकूल कब्जा नव्हे. कर्नाटक वक्फ मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली कसोटी स्पष्ट केली. कब्जा कोणत्या तारखेला घेतला, कोणत्या नात्याने घेतला, खऱ्या मालकाला तो ठाऊक होता का, तो उघड आणि अखंड होता का, हे सगळे दावा करणाऱ्यानेच सिद्ध करायचे. त्यातच एक पेच आहे. ‘जमीन वाडवडिलांपासून माझीच’ असेही म्हणायचे आणि ‘ती तुझीच होती, पण तुझा हक्क झुगारून मी १२ वर्षे बसलो आहे’ असेही, या दोन भूमिका एकत्र टिकत नाहीत. अनेक दावे इथेच कोसळतात.

राखणीला ठेवलेला माणूस, भाडेकरू, मालकाच्या परवानगीने राहणारा नातेवाईक यांचा कब्जा मुळात परवानगीचा. तो पन्नास वर्षे चालला तरी आपोआप प्रतिकूल होत नाही. पीकपाहणीत नाव लागले किंवा शेतसाऱ्याच्या पावत्या जपून ठेवल्या, एवढ्यानेही मालकी येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरतात, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो घरातला वाद. एक भाऊ गिरणीत लागला, मुंबईतच राहिला. बहिणी लग्न होऊन कर्जत, मुरबाडला गेल्या. धाकट्याने जमीन कसली. वडील गेल्यावर वारसनोंद करायची राहून गेली. पुढे बिल्डर दारात आला की बहिणीला ऐकवतात, ‘इतकी वर्षं कुठे होतीस?’ कायद्याचे उत्तर बहिणीच्या बाजूचे आहे. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. तिचा हक्क उघडपणे, तिला कळेल असा नाकारलेला असेल, तरच १२ वर्षांची मोजणी सुरू होते. तिने सणाला माहेरी येणे-जाणे ठेवले आणि हिस्सा मागितला नाही, याचा अर्थ तिने हक्क सोडला असा होत नाही. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. महाराष्ट्रातल्याच पाटीलकी वतनाच्या एका घरगुती वादात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जो ताबा कायदेशीर हक्कातून आला आहे, तो प्रतिकूल मानता येणार नाही.

प्रतिकूल कब्ज्याचा हा कायदा अन्याय्य आहे, अप्रामाणिक माणसाला तो बक्षीस देतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली कठोर शब्दांत म्हटले होते. विधी आयोगाने मात्र २०२३ च्या २८०व्या अहवालात बदल नको असा निष्कर्ष काढला. २०१९ पासून तर कब्जेदार या आधारावर स्वतः दावाही लावू शकतो. माझे मत २००८ च्या निकालाकडे झुकते, पण कायदा आज आहे तसा आहे आणि मालकाने गाफील राहून चालणार नाही.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वकिलाची नोटीस, पोलिसांत तक्रार किंवा तलाठ्याकडे हरकत यांनी १२ वर्षांची मुदत थांबत नाही. त्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो. आणि खासगी व्यक्तीने जबरदस्तीने हुसकावले असेल, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून, मालकीच्या वादात न शिरता, ताबा परत मागता येतो.

वडिलोपार्जित जमिनीला तुमचे नाव अजून लागले नसेल तर वारसनोंदीचा अर्ज याच आठवड्यात द्या. भावाने, चुलत्याने कधी लेखी हक्क नाकारला असेल, तर तो कागद घेऊन वकिलाकडे जा. १२ वर्षे त्या कागदाच्या तारखेपासून मोजली जाऊ शकतात.