हम्बोल्टचं तळं आणि आपल्या विहिरी

हदगावात बसून एका जर्मन माणसावर तासभर बोलायचं, तर त्याचा आपल्याशी काय संबंध, हे आधी सांगितलं पाहिजे. संबंध पाण्याचा आहे.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. जन्म बर्लिनचा, १७६९ सालचा. १७९९ ते १८०४ ही पाच वर्षं तो वनस्पतिशास्त्रज्ञ बोंप्लां याच्यासोबत अमेरिका खंडात फिरला. १८०० साली दोघे व्हेनेझुएलातल्या वालेन्सिया तळ्याकाठी पोचले. तळं आटत चाललं होतं. गावकरी म्हणायचे, तळाशी भोक पडलंय, पाणी जमिनीखालून पळतंय. हम्बोल्टने तळाकडे पाहण्याआधी डोंगर पाहिले. निळीच्या आणि इतर पिकांच्या मळ्यांसाठी झाडं तोडलेली होती, ओढे पाटाने शेतात वळवलेले होते. त्याने मांडलं ते असं : सावली गेली की ऊन थेट जमिनीवर पडतं, ओल उडते. मुळं आणि पाचोळा गेला की पाऊस मुरत नाही, माती घेऊन एकदम धावत सुटतो. म्हणजे पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात कोरड. आता सांगा, हे आपल्या पैनगंगेच्या काठावर कुणाला समजावून सांगायला पाहिजे का?

पुढे वीसेक वर्षांनी बूसँगो नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ तिथे गेला, तर पाणी उलट चढलेलं! मधल्या स्वातंत्र्ययुद्धात मळे ओस पडले होते, रान परत माजलं होतं, पाटाचं पाणी पुन्हा तळ्याकडे येत होतं.

हम्बोल्टला हिंदुस्थानात, हिमालयात यायचं होतं. ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही ती नाहीच. स्पॅनिश वसाहतींत काय चालतं हे त्याने लिहून ठेवलं होतं. इथेही लिहील, ही धास्ती असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो. त्याच्या शिफारशीने श्लागिंटवाइट बंधू मात्र १८५४ साली मुंबईत उतरले आणि दख्खन ओलांडून मद्रासला गेले.

माणूस आला नाही, पण त्याचा विचार आला. कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर त्याची पुस्तकं वाचत. मद्रासकडच्या एडवर्ड बाल्फोर यांनी १८४० च्या दशकात झाडं आणि ओलावा यांवर लिहिलं. पुण्याजवळ दापोडीची बाग सांभाळणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. झाडं लावली की पाऊस येतो, हे त्या काळी जरा जास्तच ताणलं गेलं. पाणी मुरतं आणि माती धरली जाते, एवढं मात्र पक्कं. पुढे १८६४ साली देशभराचं वनखातं उभं राहिलं, त्याचा पहिला प्रमुखही जर्मनच, डिट्रिश ब्रँडिस.

आणि इथेच गोम आहे. ‘झाडं वाचवा’ एवढंच सरकारी दप्तरात शिरलं. रान वाचवायचं म्हणून रानच लोकांपासून तोडलं. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर केवढा संताप काढलाय! डोंगर, दऱ्या, गायरानं सरकारने घातली घशात; शेतकऱ्याची शेरडं चारायची कुठे? (आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून ती सगळी कहाणी जशीच्या तशी आपली नाही.)

हम्बोल्टने तळ्याचा दोष शेरडं राखणाऱ्यावर घातला नव्हता. त्याचा रोख होता मळ्यांवर, आणि गुलामांच्या जिवावर चालणाऱ्या त्या अख्ख्या व्यवस्थेवर. हे कळायचं तर त्याचं सगळं लेखन समोर हवं, आणि ते आहे प्रचंड. अमेरिकेच्या प्रवासाचेच तीसेक खंड, शिवाय ‘कॉसमॉस’चे पाच. २०१९ साली, त्याच्या अडीचशेव्या जयंतीला, स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचे मासिकांत, वर्तमानपत्रांत विखुरलेले लेख गोळा करून दहा खंडांत छापले.

त्याचं लेखन अर्धंमुर्धं पोचवायची खोड जुनीच. क्यूबावरच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १८५६ साली न्यूयॉर्कला निघालं. भाषांतरकाराने गुलामगिरीवरचं प्रकरणच गाळून टाकलं. हम्बोल्ट तेव्हा शहाऐंशी वर्षांचा. त्याने वर्तमानपत्रात जाहीर निषेध छापला : माझ्या सगळ्या मोजमापांपेक्षा आणि आकडेवारीपेक्षा मला ते प्रकरण जास्त मोलाचं वाटतं.