दुनळीची ऑर्डर : काय बदलता येतं, काय येत नाही

मंडळी, दुनळी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बँकेच्या दाराशी स्टुलावर बसलेला पहारेकरी येतो, आणि त्याच्या मांडीवरची बारा बोअरची बंदूक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार थांबली आणि दुनळी उरली ती पहाऱ्यापुरती, शेतराखणीपुरती. आज आपण जाणार आहोत इंग्लंडमध्ये. शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेल्या या बंदुकीला आजचं रूप तिथेच मिळालं, आणि तिथे ती अजूनही अंगाच्या मापानं करून घेता येते. लंडनच्या पहिल्या फळीतल्या बंदुकीची किंमत एक लाख पौंडांच्या पुढे जाते आणि ती हातात यायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणजे चूक झाली तर ती वर्षांनी कळते, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

म्हणून ऑर्डरचा कागद वरून खाली भरत जाऊ नये, असं आम्हाला वाटतं. आधी दोन याद्या कराव्यात. नंतर बदलता येईल ते एका यादीत, आणि कधीच बदलता येणार नाही ते दुसरीत. सगळा विचार दुसऱ्या यादीवर खर्च करायचा.

दुसऱ्या यादीत पहिला येतो बोअर. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास, तो नळीचा. सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरची नळी त्याहून बारीक आणि बंदूक हलकी. पण हलकी म्हणजे चांगली, असं नाही हं! जुना ठोकताळा असा की बंदुकीचं वजन छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. २८ ग्रॅम छर्रे वापरायचे तर बंदूक साधारण २ किलो ७०० ग्रॅमची. त्याहून हलकी घेतली, तर दिवसभरात खांदा हिशेब चुकता करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आतली यंत्रणा. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतल्या अँसन आणि डीली यांनी बॉक्सलॉक आणला. नळ्या मोडून उघडल्या की आतले घोडे आपोआप चढतात. भाग थोडे, खर्च कमी, आणि टिकाऊपणात कुठेही उणा नाही. साइडलॉकमध्ये हीच यंत्रणा बाजूच्या दोन पट्ट्यांवर बसवलेली असते. पट्ट्या काढून साफ करता येतात, आणि चांगल्या साइडलॉकमध्ये धक्क्यानं घोडा निसटला तर त्याला अडवणारी आणखी एक कडी असते. नक्षीला जागाही भरपूर. पण स्पष्ट सांगतो, नक्षीनं नेम सुधारत नाही.

तिसरी गोष्ट, चाप एक की दोन. पुष्कळांना एक चाप सोपा वाटतो, आणि जाड हातमोजे घालणाऱ्याला तो सोयीचा आहेही. पण दोन चापांचं मर्म वेगळं आहे. रूढ पद्धतीत पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उजवी नळी तोंडाशी जरा मोकळी, डावी जरा आवळलेली. पक्षी जवळ असेल तर पुढचा चाप, लांब असेल तर मागचा. निवड बोटाच्या टोकावर असते. म्हणूनच या बंदुकीला सरळ मुठीचा दस्ता शोभतो, कारण दुसऱ्या चापाकडे जाताना हात सहज मागे सरकतो. नंतर चाप बदलणं म्हणजे यंत्रणेला पुन्हा हात घालणं.

नळीची लांबी बरेच जण २८ इंच घेतात. रॉबर्ट चर्चिल या बंदूककारानं २५ इंची नळीचा मोठा पुरस्कार केला. ती चटकन फिरते, पण लांब नळी संथ आणि स्थिर फिरते. नळी कापता येते, वाढवता येत नाही, हे ध्यानात ठेवायचं. चोकचंही तेच. चोक म्हणजे नळीच्या तोंडाची आवळ. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात साधारण किती छर्रे पडतात यावरून तो मोजतात : बिनचोकाच्या नळीत ४० टक्के, अर्ध्या चोकला ६०, पूर्ण चोकला ७०. आवळ घासून कमी करता येते, पुन्हा घालता येत नाही. म्हणून मनात शंका असेल तर किंचित जास्त आवळ मागावी आणि चाचणी घेऊन ती कमी करून घ्यावी.

इथे एक नवी अडचण आहे. इंग्लंडमध्ये पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला १९९९ पासून बंदी आहे. पोलादी छर्रे शिशासारखे दबत नाहीत, त्यामुळे अर्ध्याहून जास्त चोकमधून ते मारू नयेत असा सर्वसाधारण सल्ला असतो. आज नवी बंदूक घेणाऱ्यानं नळ्या पोलादासाठी तपासून, तसा शिक्का मारून घ्याव्यात. बंदूक शंभर वर्षं टिकते. काडतुसं तेवढी वर्षं तीच राहतील, असं धरून चालू नये.

आता पहिली यादी, म्हणजे दस्ता. याला डोळ्याजवळची माशी नसते, डोळा हीच मागची माशी. साधा हिशेब करू. डोळ्यापासून नळीचं तोंड सुमारे एक मीटर, पक्षी ३५ मीटरवर. डोळा ३ मिलिमीटर बाजूला गेला तर तिकडे साडेदहा सेंटिमीटरची चूक! म्हणून लांबी, खोली आणि बाजूचा कल मोजायला कारागीर सांधे असलेली, हवी तशी हलवता येणारी बंदूक देऊन पाहतात. नंतरही लाकूड तापवून थोडं वाकवता येतं, मागे गादी लावून लांबी वाढवता येते.

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय : पैसे कमी असतील तर काय सोडावं? आमचं उत्तर असं : आधी नक्षी सोडा, मग साइडलॉक सोडा, हवं तर रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकणारा इजेक्टरही सोडा. माप सोडू नका. साध्या बॉक्सलॉकचा दस्ता अंगाला बसला, तर तो दुसऱ्याच्या मापाच्या सोन्यानं मढवलेल्या बंदुकीपेक्षा जास्त कामाचा.