घरातला तंटा आणि मंडळाची खुर्ची : शांतता व न्यायासाठी आपली संस्था काय करू शकते?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली २०३० पर्यंत गाठायची सतरा शाश्वत विकास उद्दिष्टे ठरवली. त्यांतले सोळावे उद्दिष्ट आहे 'शांतता, न्याय आणि सशक्त संस्था'. एवढे मोठे शब्द वाचले की वाटते, हे काम सरकारांचे आणि न्यायालयांचे. इंदूरमध्ये गणेशोत्सव, कोजागरी, व्याख्यानमाला आणि नाटके करणाऱ्या आपल्यासारख्या मंडळाचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो आपल्या उंबरठ्यापाशीच आहे. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा वस्त्यांत आज कितीतरी घरांत फक्त आजी-आजोबा राहतात. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात असतात. जुन्या घराला आता मोठी किंमत आली आहे. कुठे वाटणीवरून भावंडांचे बोलणे बंद आहे, कुठे घर मुलाच्या नावावर करून दिल्यानंतर आईला औषधाच्या पैशांसाठी हात पसरावा लागतो. लोकलाजेस्तव या गोष्टी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी बोलत नाही. कोर्टाची पायरी चढायची हिंमत होत नाही, आणि तोवर वेळ निघून जाते.

अशा वेळी नोंदणीकृत संस्थेसाठी कायद्याने एक खुर्ची राखून ठेवली आहे. ती कुठे आहे, तिच्यावर कोणी बसायचे आणि कुठे बसायचे नाही, हे सभासदांना माहीत असावे म्हणून हा लेख.

आपल्या मातीतली पद्धत

अहिल्यादेवी होळकरांच्या न्यायदानाच्या आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या कारभाराबद्दल सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरील ग्रंथात एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे. देवी प्रत्येक तक्रार स्वतः ऐकत, पण पुष्कळ प्रकरणे निवाड्यासाठी न्यायपंच, लवाद आणि मंत्र्यांकडे सोपवत. तिथे समाधान झाले नाही तर त्यांचा दरवाजा उघडा असे.

थोडक्यात, समंजस माणसांनी मिटवता येईल ते आधी खाली मिटवावे, आणि वर दाद मागण्याचा हक्क मात्र कुणाचाही काढून घेऊ नये. आजचे मध्यस्थीचे कायदे साधारण याच दोन पायांवर उभे आहेत.

ज्येष्ठांचा कायदा : संस्थेला थेट स्थान

'माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियम, २००७' हा कायदा प्रत्येक घराने समजून घ्यावा. ज्या आईवडिलांना किंवा साठ वर्षांवरील ज्येष्ठांना स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करता येत नाही, ते मुलांकडे निर्वाह खर्च मागू शकतात. अपत्य नसेल तर ज्याला त्यांची मालमत्ता मिळणार आहे अशा नातेवाइकाकडे तो मागता येतो. यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. एसडीएम स्तरावरचे न्यायाधिकरण हे अर्ज ऐकते. आपल्याकडे सरकारी कागदांत त्याला 'भरण-पोषण अधिकरण' म्हणतात. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा आणि अपवादात्मक कारण असेल तर आणखी तीस दिवस घ्यावेत, असे कायदा सांगतो. मूळ कायद्यात निर्वाह खर्चाची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये आहे.

आता आपल्या उपयोगाचा भाग. ज्येष्ठ व्यक्ती स्वतः अर्ज करू शकत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते. 'संस्था' म्हणजे कायद्याने नोंदलेली कोणतीही स्वयंसेवी संस्था. इतकेच नाही, तर सुनावणीपूर्वी न्यायाधिकरण प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते, आणि हा समेट अधिकारी अशा संस्थेचा प्रतिनिधीही असू शकतो. त्याने एका महिन्यात आपला अहवाल द्यायचा. समेट झाला तर न्यायाधिकरण त्याप्रमाणे आदेश काढते, म्हणजे घरात बसून ठरलेल्या गोष्टीला कायद्याचे बळ मिळते.

मुलगा दूर असेल, रागात असेल, पण मंडळातल्या काकांचा फोन तो उचलतो. वकिलाची नोटीस जे करू शकत नाही ते कधी कधी या ओळखीने होते.

याच कायद्याचे तेविसावे कलम घराबद्दल आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता नावावर करून दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. मध्य प्रदेशातल्याच छतरपूर जिल्ह्यातील एका आईचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिने २०१९ साली मुलाला मालमत्तेचे बक्षीसपत्र, म्हणजे आपल्या भाषेत दानपत्र, करून दिले होते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तिच्या विरोधात निकाल दिला, पण २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दानपत्र रद्द ठरवून मालमत्तेचा ताबा तिला परत देण्याचा आदेश दिला.

यातून घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे. सांभाळाची अट तोंडी ठेवू नये, दस्तऐवजात स्पष्ट लिहावी. छतरपूरच्या त्या आईला चार पायऱ्या चढून वर जावे लागले. दानपत्र करण्याआधी मंडळातल्या एखाद्या निवृत्त वकिलाने अर्धा तास समजावून सांगितले, तर एखाद्या घरावरची ही वेळ टळू शकते.

आणखी तीन दरवाजे

पहिला दरवाजा मोफत कायदेशीर मदतीचा. 'विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७' प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना तिथे मोफत वकील मिळतो. स्त्रीला यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७. लोकअदालतीत समेटाने निकाल लागला तर न्यायालयात आधी भरलेले शुल्क परत मिळते. तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो आणि त्यावर अपील नसते, म्हणून सही करण्याआधी नीट विचार करावा.

दुसरा दरवाजा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा. २००५ च्या कायद्यात 'सेवा पुरवणारी संस्था' म्हणून स्वयंसेवी संस्थांना शासनाकडे नोंद करता येते. अशी संस्था पीडित स्त्रीच्या इच्छेनुसार घटनेचा अहवाल नोंदवू शकते, वैद्यकीय तपासणी आणि निवाऱ्याची सोय करून देऊ शकते. प्रत्येक मंडळाने अशी नोंद करावीच असे नाही. पण शहरात हे काम कोण करते याची माहिती आपल्या महिला शाखेकडे असायला हवी.

तिसरा दरवाजा ग्राहकाचा. याची पायाभरणी मराठी माणसाने केली आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पुढे १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. आजच्या २०१९ च्या कायद्यातही नोंदणीकृत ग्राहक संघटना ग्राहकाच्या वतीने तक्रार करू शकते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही.

संस्थांनी काय करून दाखवले

१९८३ सालचे शीला बर्से यांचे प्रकरण पाहा. मुंबईच्या कोठड्यांत स्त्री कैद्यांना होणाऱ्या मारहाणीबद्दल या पत्रकार स्त्रीने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला तुरुंगात जाऊन पाहणी करून अहवाल द्यायला सांगितले. निकालात स्त्री आरोपींसाठी वेगळी कोठडी, तिथे स्त्री पोलिसांचा पहारा आणि अटकेची माहिती विधी साहाय्य समितीला देणे, असे आदेश आले. एक पत्र आणि एका शिक्षणसंस्थेची पाहणी यांतून देशभर उपयोगी पडणारे नियम निघाले.

शांततेचे उदाहरण भिवंडीचे. १९७० आणि १९८४ साली तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही धर्मांचे साधे रहिवासी आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगलीच्या रात्री नवी ओळख करून घेता येत नाही. ती आधी, चहाच्या कपावर, किरकोळ कामांतून झालेली असावी लागते. आपल्या गणेशोत्सवाच्या बैठकीला शेजारच्या वस्तीतली मंडळी आणि ठाण्याचे अधिकारी येतात का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

खुर्ची कुठे नाही

इथे एक सावधगिरी फार गरजेची आहे. समाजाने तंटे मिटवायचे म्हटले की जातपंचायतीची आठवण होते, आणि ती भीती खरी आहे. महाराष्ट्रात जातपंचायतींनी दंड घेतले, कुटुंबे वाळीत टाकली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींना मूठमाती देण्याचे अभियान चालवले. पीडित माणसांना बोलते केले, पोलिसांपर्यंत नेले आणि कायद्याची मागणी लावून धरली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ साली विधिमंडळात संमत झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मध्यस्थी आणि जातपंचायत यांतला फरक साधा आहे. मध्यस्थ निकाल देत नाही, दोन्ही बाजूंना बोलायला जागा देतो. येणे ऐच्छिक असते, कधीही उठून जाता येते, कोर्टाचा रस्ता मोकळा राहतो, आणि बोललेले बाहेर जात नाही. २०२३ साली संमत झालेल्या मध्यस्थता कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातही दोन्ही पक्षांची आधी संमती हवी, ही पहिली अट आहे. या कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

काही प्रकरणांना मंडळाने हातच लावू नये. मारहाण होत असेल तर 'थोडं सांभाळून घे' असा सल्ला देणे म्हणजे त्या बाईला पुन्हा त्याच घरात लोटणे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथे घराण्याच्या अब्रूचा विचार करायचा नसतो.

आधी आपले घर

दुसऱ्याच्या घरात शब्द टाकायचा तर आपल्या शब्दाला वजन हवे. मध्य प्रदेशात संस्थांचे पंजीयन १९७३ च्या राज्य कायद्याखाली होते. कार्यकारिणीची यादी आणि हिशेब दरवर्षी पंजीयकांच्या कार्यालयात सादर करावे लागतात. हे सोपस्कार वाटतात, पण सशक्त संस्था यातूनच बनते. ज्या मंडळाची वार्षिक सभा वेळेवर होत नाही, हिशेब विचारला की ज्याचे पदाधिकारी रागावतात, त्याने भावाभावांच्या वाटणीत बोलू नये.

आपल्याच शहरात शालिनीताई मोघे यांनी १९४७ साली बाल निकेतन संघ उभा केला. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ साली त्या गेल्या. त्यांच्या मागेही संघाचे काम चालू राहिले. माणूस गेल्यावर काम चालू राहते की थांबते, यावरून संस्थेची ताकद कळते.

सुरुवात कशी करावी

आमच्या मते कोणत्याही मंडळाला एवढे सहज जमेल :

१. महिन्यातून एक संध्याकाळ 'मदत मेज' ठेवावे. एक निवृत्त वकील किंवा बँक अधिकारी आणि एक अनुभवी ताई एवढी माणसे पुरतात. सल्ला मोफत, नोंद गुप्त.

२. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी पत्रव्यवहार करून दोन-तीन सभासदांना विधी स्वयंसेवकाचे प्रशिक्षण मिळवून द्यावे.

३. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी त्यांच्या संमतीने करावी. आठवड्यातून एक फोन करावा आणि मुलांचे क्रमांक जवळ ठेवावेत.

४. मृत्युपत्र, नामनिर्देशन आणि दानपत्र यांवर वर्षातून एक व्याख्यान ठेवावे. नाटकाला येणारी सगळी मंडळी याही दिवशी यावीत.

५. वार्षिक सभेत हिशेबासोबत या कामाचा आढावा मांडावा. नावे न घेता, फक्त किती जण आले आणि किती जणांना वाट सापडली एवढाच.

परगावी असलेल्या मुलामुलींनाही आमचे सांगणे आहे. आई-बाबांच्या घराचा विषय ते धडधाकट असतानाच, सगळ्या भावंडांना एकत्र बसवून बोलावा आणि ठरेल ते कागदावर आणावे. बोलणे अडलेच तर मंडळातल्या मोठ्यांना हाक मारावी. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसांची कमी नाही, आणि कायद्यानेही त्यांच्यासाठी जागा ठेवली आहे.