विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर जाताना: आधी जुना मराठी मजकूर सोडवा, मग सिस्टिम बदला

आज आपण घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स कसं टाकायचं ते पाहणार आहोत. पण यात इन्स्टॉलेशनचं काम तासाभराचंच असतं. माझे खरे तीन आठवडे गेले ते वडिलांच्या जुन्या मराठी फाइलींमध्ये. म्हणून हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

आमचं घर हिंगोली जिल्ह्यात, वसमतला. कॉम्प्युटर २०१४ चा: चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. हळदीचा हिशेब मी त्यावर ठेवतो. बायको सातबारा, वीजबिल आणि बँकेचं बघते. मुलगी कॉलेजचे व्हिडिओ पाहते. आणि नाना, म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक, त्यावर टायपिंग करतात. आजीच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी वर्षानुवर्षं वह्यांत लिहिल्या आणि मग टाइप केल्या. एकूण २१२ फाइली. आजी आता नाही, आणि निम्म्या वह्यांना वाळवी लागली. म्हणजे ओव्या उरल्या त्या फक्त या डब्यात.

मुदत संपली म्हणजे नेमकं काय झालं?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडत नाही, तो पहिल्यासारखाच चालतो. पण सिस्टिममध्ये नवीन भोक सापडलं तर ते बुजवणारे अपडेट येणं थांबतं. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकायचा, त्यासाठी ही साधी गोष्ट नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे, पण ती एका वर्षाची पुढची तारीख झाली.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा चौथ्या पिढीचा. म्हणजे दोनच वाटा उरल्या: नवीन कॉम्प्युटर घ्या, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिम बदला.

मी लिनक्स मिंट निवडलं. त्याची मांडणी विंडोजसारखीच आहे: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू. २ जीबी रॅमवर ते चालतं आणि ४ जीबीवर नीट चालतं. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पैसे शून्य.

"फुकटचं टिकतं का रे? आणि आहे ते बरं चाललंय, मग कायला बदलायलास?" नानांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. लिनक्सची सुरुवात १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने केली. आज जगातल्या सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरांपैकी प्रत्येकावर लिनक्स आहे, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच. मी नानांना जवळचं उदाहरण दिलं. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ ला त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोच्या डेटाचं विश्लेषण ज्या संगणकांवर होतं, तिथेही लिनक्सच चालतं. "मग आपल्या ओव्यांना काय धाड भरली?" मी म्हणालो. नाना हसले, पण म्हणाले, "आधी उघडून दाखव."

पहिली पायरी: पेन ड्राइव्हवरून चालवून बघा

लिनक्सची ही सोय फार कामाची आहे. हार्ड डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते.

१. मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ फाइल उतरवा. ती तीन जीबीच्या आसपास असते. रोजच्या दीड-दोन जीबी मोबाइल डेटावर एका दिवसात बसत नाही, त्यामुळे कुणाकडे वाय-फाय असेल तिथे जा.

२. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस या छोट्या प्रोग्रॅमने ती फाइल चढवा. पेन ड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

३. विंडोज बंद करताना शिफ्ट बटण दाबून ठेवून शटडाऊन करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं, आणि लिनक्समधून तुमच्या फाइली फक्त वाचता येतात, त्यात बदल करता येत नाही.

४. सुरू करताना बूट मेन्यूचं बटण दाबा. कंपनीनुसार ते एफ१२, एफ११, एफ९ किंवा एस्केप असतं. त्यात पेन ड्राइव्ह निवडा.

आता घरातल्या प्रत्येकाला त्याचं रोजचं काम करायला बसवा. आमच्याकडे सातबाराची वेबसाइट, बँक आणि व्हिडिओ ब्राउझरमध्येच असल्यामुळे काही अडलं नाही. माझा हळदीचा हिशेब लिबरऑफिसमध्ये उघडला. कांडी आणि गट्टूचे वेगवेगळे भाव, क्विंटलची बेरीज, सगळी सूत्रं जागेवर होती. मॅक्रो वापरत असाल तर मात्र नीट तपासा, ते बऱ्याचदा अडतात. प्रिंटरने दगा दिला. काही लेझर प्रिंटर कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात आणि त्यांना खास ड्रायव्हर लागतो. आमचा त्यातलाच निघाला. सध्या पीडीएफ करून फोनमधून छापतो.

मग नाना बसले. त्यांनी ओव्यांची पहिली फाइल उघडली, आणि स्क्रीनभर रोमन अक्षरांचा कचरा आला. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले.

कचरा का दिसतो?

फाइल खराब झालेली नसते. ही गोष्ट समजली की अर्धी भीती जाते.

कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. "मराठी" हा शब्द टाइप केला की फाइलीत रोमन ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरं साठवली जातात. फॉन्ट त्यांना म, र, काना, ठ आणि दुसऱ्या वेलांटीचे मुखवटे चढवतो. फॉन्ट असेल तोवर मुखवटे दिसतात. नवीन सिस्टिमवर तो फॉन्ट नसला की मुखवटे गळून पडतात आणि खालची अक्षरं उघडी पडतात.

युनिकोडमध्ये असं नसतं. तिथे म चा स्वतःचा क्रमांक आहे, ठ चा स्वतःचा. फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलेल, पण म चा ई होणार नाही.

जुना फॉन्ट लिनक्समध्येही टाकता येतो आणि फाइल पूर्वीसारखी दिसते. मी प्रथमोपचार म्हणून तेच केलं. फाइल पुन्हा मराठीत दिसल्यावर नानांनी चष्मा घातला. पण हा इलाज नाही. उद्या हीच फाइल नातीच्या फोनवर पाठवली तर पुन्हा कचराच. म्हणून फाइली युनिकोडमध्ये बदलायच्या ठरवल्या.

रूपांतर करताना लक्षात ठेवायच्या गोष्टी

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर मोफत मिळतात. मजकूर टाका, बटण दाबा, युनिकोड घ्या. पण फक्त अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. "कि" टाइप करताना जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी आणि क नंतर साठवतात, युनिकोडमध्ये क आधी. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये त्याचा र आधी. ही उलटापालट कन्व्हर्टरला करावी लागते आणि तिथेच चुका होतात.

आम्हाला भेटलेल्या चुका अशा:

• मजकुरातले इंग्रजी शब्दही कन्व्हर्टरने मराठी समजून बदलले, आणि अगम्य काहीतरी तयार झालं. इंग्रजी शब्द आधी बाजूला काढून ठेवा.

• "वाऱ्यावर"चं "वार्यावर" झालं. मराठीत हा फरक अर्थाचा आहे: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. ओव्यांमध्ये असे शब्द पावलोपावली. एकेक शोधून दुरुस्त करावे लागले.

• प्रत्येक फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते आधी बघा. काही फाइली नानांनी दुसऱ्याच फॉन्टमध्ये केल्या होत्या. त्यांना वेगळा कन्व्हर्टर लागला.

• मूळ फाइल कधीही पुसू नका. डावीकडे जुन्या फॉन्टमधली मूळ फाइल आणि उजवीकडे युनिकोडमधली नवीन, असं ठेवून वाचा.

रोज संध्याकाळी नाना आणि मुलगी बसायचे. ती मोठ्याने वाचायची, ते मूळ बघायचे. एके ठिकाणी ती अडली, तेव्हा नाना म्हणाले, "तसं नाही, आई अशी म्हणायची," आणि त्यांनी ती ओवी चालीवर म्हणून दाखवली. मुलीने ती फोनवर रेकॉर्ड केली. हे माझ्या यादीत नव्हतं.

आणि टायपिंगचं काय?

नानांची बोटं रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेली. वयाच्या बहात्तराव्या वर्षी नवीन कळफलक शिका म्हणणं बरं दिसत नाही, आणि त्याची गरजही नाही. लिनक्समध्ये आयबस आणि एम१७एन ही जोडी बसवली की मराठीसाठी रेमिंग्टन, इनस्क्रिप्ट, फोनेटिक असे पर्याय मिळतात. रेमिंग्टन निवडलं की बोटं जुन्याच सवयीने चालतात आणि फाइलीत जातं ते युनिकोड. एक-दोन जोडाक्षरं वेगळ्या कळांवर सापडली, तेवढीच.

शेवटची पायरी: इन्स्टॉलेशन

मी २४० जीबीची नवीन एसएसडी घेतली. जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली आणि रिकाम्या एसएसडीवर मिंट टाकलं. याचे दोन फायदे. चुकून जुना डेटा पुसला जाण्याची भीतीच राहत नाही, आणि जुन्या मशीनला सर्वांत मोठा वेग एसएसडीनेच येतो. काही बिनसलं तर जुनी डिस्क पुन्हा जोडली की विंडोज जसंच्या तसं हजर.

इन्स्टॉल करताना लाइट गेली तर पंचाईत होते, म्हणून इन्व्हर्टर चार्ज असताना बसा. नंतर लगेच टाइमशिफ्ट चालू करा. अपडेटने काही बिघडवलं तर ते सिस्टिमला कालच्या स्थितीत परत नेतं. मात्र टाइमशिफ्ट सिस्टिम जपतं, तुमच्या फाइली नाही. ओव्यांच्या फाइली आम्ही दोन पेन ड्राइव्हवर आणि एका ऑनलाइन खात्यात ठेवल्या. एक पेन ड्राइव्ह बहिणीकडे परभणीला आहे.

कुणी बदलू नये?

टॅलीवर रोजचा धंदा असेल, अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचं टोकन लागत असेल, किंवा टायपिंगच्या परीक्षेसाठी ठरावीक सॉफ्टवेअरवर सराव करायचा असेल, तर घाई करू नका. तुमचं नेमकं उपकरण लिनक्सवर चालतं का ते पेन ड्राइव्हवरून आधी तपासा. चालत नसेल तर त्या कामापुरतं विंडोजच बरं.

पण एक काम सगळ्यांनीच करा, सिस्टिम बदला किंवा नका बदलू. जुन्या फॉन्टमधले मराठी दस्तऐवज आजच युनिकोडमध्ये आणा. त्यासाठी विंडोजही चालेल.

२१२ फाइली पूर्ण झाल्या त्या रात्री मी नानांना शोधपट्टी दाखवली. त्यांनी हळूहळू टाइप केलं: हळद. क्षणात सतरा फाइली समोर आल्या. इतकी वर्षं हा शब्द त्या फाइलींत कॉम्प्युटरच्या लेखी नव्हताच, त्यामुळे तो कधी शोधता आला नव्हता. नानांनी पहिली फाइल उघडली, वाचली. मग दुसरी. सतरा होईपर्यंत ते उठले नाहीत.