कॉलेजसाठी लॅपटॉप घेताय? ‘आय सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या’ या वाक्याला भुलू नका

कॅप राउंडची यादी लागते. पोराला हवं ते कॉलेज मिळतं. पेढे वाटून होतात आणि त्याच रात्री जेवताना विषय निघतो, “पप्पा, लॅपटॉप लागेल.”

मग सगळं घर कामाला लागतं. आत्येभावाला फोन जातो, कारण त्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’. शेजारचे काका सांगतात, घ्यायचाच तर भारीतला घ्या. आणि शेवटी दुकानदार म्हणेल तो लॅपटॉप घरी येतो.

माझ्याबाबतीत हेच झालं. २०१७ साली मास कॉमला ॲडमिशन मिळालं, तेव्हा बाबांनी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढून लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, “आय सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या.” आम्हीही घेतला. पहिल्या वर्षी व्हिडिओ एडिटिंग सुरू झालं आणि लॅपटॉप दर पाच मिनिटांनी अडकायला लागला. आय सेव्हन होता खरा, पण रॅम ४ जीबी आणि आत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. लॅपटॉपने दम तोडला तरी बाबांचे हप्ते चालूच होते.

म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

आधी कॉलेज, मग लॅपटॉप

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. लॅपटॉप घेण्याआधी डिपार्टमेंटमधल्या सीनियरला एकच प्रश्न विचारा, “तुम्हाला कोणकोणती सॉफ्टवेअर लागतात?” अर्धा निर्णय तिथेच होतो.

बीए, बीकॉमला टायपिंग, एक्सेल, प्रेझेंटेशन आणि फार तर टॅली लागतं. त्यासाठी महागड्या मशीनची गरज नाही. कॉम्प्युटर सायन्सला प्रोग्रामिंगची बरीच टूल्स एकाच वेळी उघडी असतात, तिथे रॅम जास्त हवी. मेकॅनिकल, सिव्हिल आणि आर्किटेक्चरला थ्रीडी डिझाइनचं काम येतं, तिथे वेगळं ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडतं.

इथे मॅकबुकवाल्यांनी थांबून विचार करावा. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनवलेली आहेत, टॅलीचंही तसंच. लाखभर रुपये घालून मशीन आणायचं आणि अभ्यासक्रमातलं सॉफ्टवेअरच त्यावर थेट चालायचं नाही, अशी गत नको.

स्टिकर नाही, पूर्ण नंबर वाचा

आता मुद्दा प्रोसेसरचा. आय थ्री वाईट, आय फाइव्ह बरा, आय सेव्हन भारी, असा आपला सरळ हिशोब असतो. पण हा हिशोब एकाच पिढीतल्या प्रोसेसरपुरता खरा आहे.

उदाहरण बघा. इंटेलचा आय सेव्हन ७५००यू हा सातव्या पिढीचा, २०१६ चा प्रोसेसर. त्यात कोअर किती? दोन. २०२२ चा आय थ्री १२१५यू बाराव्या पिढीचा आहे आणि त्यात सहा कोअर आहेत. म्हणजे नवा आय थ्री जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. म्हणून ‘आय’नंतरचा पूर्ण नंबर वाचायचा. २०२३ च्या शेवटापासून तर इंटेलने नव्या मालिकांमधून ‘आय’ काढूनच टाकला. त्यांच्यावर नुसतं कोअर ५ किंवा कोअर अल्ट्रा ५ असं लिहिलेलं असतं.

एएमडीची गंमत वेगळीच. रायझन ५ ७५२०यू हे नाव ऐकायला नवीन वाटतं. पण त्यातला तिसरा आकडा २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २ ची, जी २०१९ साली आली होती. त्याचाच भाऊ ७५३०यू झेन ३ वर चालतो. एका आकड्याचा फरक, पण मशीन वेगळं.

शेवटचं अक्षरही बघा. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, ‘एच’ म्हणजे जास्त ताकदीचा. एचवाले सहसा जास्त तापतात आणि बॅटरीही लवकर संपवतात.

रॅम वाढवता येईल का, हे आधी विचारा

साध्या कामाला ८ जीबी रॅम चालून जाते. पण लॅपटॉप चार वर्षं वापरायचा असेल, तर १६ जीबी घेतलेली बरी. स्टोरेज एसएसडीच हवं, ५१२ जीबी असेल तर उत्तम.

अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच कायमची जोडलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. म्हणून “एक्स्ट्रा स्लॉट आहे का?” हे विचाराच. स्लॉट असेल तर आज ८ जीबी घेऊन, पैसे जमले की वाढवता येते.

वजन कोण उचलणार?

गेमिंग लॅपटॉप बऱ्याचदा सव्वादोन किलोच्या पुढे जातो, चार्जरचं वजन वेगळं. कल्याणहून लोकलने किंवा गावाहून एसटीने रोज ये-जा करणाऱ्या पोरापोरींसाठी दीड किलोच्या आसपासचं मशीन बरं. बॅटरी किती ‘वॉट-अवर’ची आहे तेही बघा. त्याच प्रोसेसरला ४० पेक्षा ६० वॉट-अवरची बॅटरी जास्त वेळ पुरते.

पैसे कुठे वाचतात?

कॉलेजचा ईमेल मिळेपर्यंत थांबलात तर फायदा होऊ शकतो. पात्र संस्थांच्या विद्यार्थ्यांना मायक्रोसॉफ्ट ऑफिसची ऑनलाइन आवृत्ती मोफत मिळते. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनीही पात्र विद्यार्थ्यांकडून पैसे घेत नाही.

शैक्षणिक कर्ज काढत असाल तर बँकेत नक्की विचारा. कोर्ससाठी कॉम्प्युटर आवश्यक असेल, तर त्याचा खर्च कर्जात धरण्याची सोय इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत आहे.

रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकायला ठेवलेला लॅपटॉप घेण्यातही कमीपणा नाही. फक्त एक बघा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना कितीही स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या. बिल आणि लेखी वॉरंटीशिवाय पैसे देऊ नका.

घरी आला की लगेच हे करा

बॉक्स उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडा. तिथला प्रोसेसरचा नंबर आणि रॅम बिलाशी ताडून बघा. फरक दिसला तर त्याच दिवशी दुकानदाराला सांगा.

लॅपटॉप भारीतलाच हवा असं काही नाही. पोराच्या अभ्यासाला पुरणारा आणि हप्ते संपेपर्यंत तरी टिकणारा असला म्हणजे झालं. त्यासाठी दुकानात डोळे उघडे ठेवावे लागतात, इतकंच.