आधी हलवा, मग घ्या

गेल्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आमच्याकडे आली होती. तिला दम्याचा जुना त्रास. एका रात्री धाप लागली म्हणून तिने पर्समधला इनहेलर काढून दोनदा ओढला, पण आराम पडेना. मी तो हातात घेतला, चांगला हलवला आणि चार फवारे हवेत सोडले. "अरे, औषध वाया काय घालवतोस!" तशा धापेतही ती ओरडली. पुढचे दोन फवारे ओढल्यावर मात्र थोड्या वेळात श्वास ताळ्यावर आला. इनहेलर तीन आठवडे पर्समध्ये तसाच पडून होता. "हलवायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नाही. पण का रे हलवायचा?"

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पण डॉक्टरेट केली ती द्रवात तरंगणाऱ्या कणांवर. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देणे मला भागच होते.

पातळ औषधे ढोबळमानाने दोन प्रकारची. काही साखरेच्या पाण्यासारखी: औषध पूर्ण विरघळलेले, त्यामुळे पहिला चमचा आणि शेवटचा चमचा सारखाच. दुसरी ताकासारखी. ताक तासभर ठेवले की वर पाणी आणि खाली घट्ट भाग. अशा औषधांत न विरघळणारे बारीक कण द्रवात तरंगत असतात. त्यांना सस्पेन्शन म्हणतात. कण किती वेगाने खाली बसतात याचा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडला. कणाचा व्यास दुप्पट झाला तर वेग चौपट होतो. म्हणून कारखान्यात कण अगदी बारीक दळतात आणि द्रव दाट करतात. त्याने बसणे लांबते, थांबत नाही.

बाटली न हलवता औषध दिले तर सुरुवातीचे चमचे पातळ आणि तळाचे कडक. फिट्‌सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधात हे धोक्याचे आहे: सुरुवातीला फिट आवरत नाही आणि शेवटी तेच औषध अंगावर येते. मुलांच्या अमॉक्सिसिलिनचेही तसेच. ते पाण्यात हळूहळू खराब होते, म्हणून फार्मासिस्ट ऐनवेळी पावडरमध्ये पाणी घालून देतो आणि चौदा दिवसांनी उरलेले टाकून द्यायला सांगतो. प्रत्येक वेळी हलवणे मात्र आपल्याकडे.

आता आईचा इनहेलर. अशा दाबाच्या डब्या १९५६ पासून वापरात आहेत. आत दाबाखाली द्रव झालेला वायू असतो आणि तिच्या औषधात त्यात कण तरंगत असतात. तोंडाशी एका फवाऱ्यापुरती इवलीशी कुपी असते. दाबले की ती रिकामी होते आणि पुन्हा भरते. डबी बरेच दिवस पडून राहिली की कण एका जागी बसतात आणि कुपीतला मालही कमी-जास्त होतो. हलवण्याने कण मिसळतात. हवेत सोडलेल्या फवाऱ्यांनी कुपी नव्याने भरते. दोन्ही कामे वेगळी, दोन्ही आवश्यक. इथल्या बहुतेक अल्ब्युटेरॉल इनहेलरांच्या पत्रकात, दोन आठवड्यांहून अधिक काळ न वापरल्यास तीन-चार फवारे हवेत सोडा, असे लिहिलेले असते. (भारतात याच औषधाचे नाव सालब्युटामॉल. पाहुण्यांची औषधे पाहताना हे लक्षात ठेवावे.)

पण दिसेल ती बाटली खळखळवू नये. एनपीएच हे गढूळ इन्सुलिन तळहातांमध्ये हलकेच फिरवून किंवा सावकाश उलटसुलट करून मिसळतात. जोरात हलवले तर फेस होतो, सिरिंजमध्ये बुडबुडे येतात आणि मात्रा चुकते. मुळात स्वच्छ असणारे इन्सुलिन मिसळावे लागत नाही. ते गढूळ दिसले तर वापरूच नये. काही इनहेलरांत औषध विरघळलेलेच असते, तर पावडरच्या काही इनहेलरांत हलवल्यास भरलेली मात्रा सांडते. तेव्हा आधी पत्रक वाचावे, शंका आली तर फार्मासिस्टला विचारावे; त्याचे पैसे पडत नाहीत. आणि इनहेलर नीट वापरूनही धाप कमी होत नसेल तर वाट न पाहता ९११ फिरवावा.

परत जाण्यापूर्वी आईने आपल्या सगळ्या औषधांची पत्रके माझ्याकडून मराठीत लिहून घेतली. ती वही आता सांगलीत शेजारणींमध्ये फिरते आहे.