तीर्थक्षेत्रातील नामावळी आणि संदिग्ध नातेसंबंधांची उकल

प्रस्तावना

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे महाराष्ट्राच्या कुलेतिहासाचे एक महत्त्वाचे साधन होय. आडनाव व मूळ गाव सांगितल्यास त्यांत घराण्याची नोंद सापडू शकते. तिच्यावरून सिद्ध होणारे नाते वारसा, जातपडताळणी अशा व्यवहारांतही निर्णायक ठरू शकते. म्हणून अशा नोंदी कशा तपासाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नामसाम्य

आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाच घराण्यात तीच नावे पुनःपुन्हा येतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या दोन नातवांचे नाव शिवाजी होते : एक संभाजीपुत्र (जन्म १६८२), जे पुढे शाहू म्हणून प्रसिद्ध झाले, दुसरे राजाराम व ताराबाई यांचे पुत्र (जन्म १६९६). अमेरिकेतील वसाहतकालीन नोंदींतही ‘थोरला’ व ‘धाकटा’ अशी विशेषणे केवळ एका गावातील समनामधारकांना लावलेली आढळतात. ते पितापुत्र असतीलच असे नाही.

दत्तविधान

सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे झाला. जन्मनाव गोपाळराव, जनक पिता काशीराव. १८७५ मध्ये जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतल्यावर ते खंडेरावांचे पुत्र ठरले. ‘पुत्र’ हा शब्द दोन्ही ठिकाणी यथार्थ आहे. भेद रक्तसंबंध व वारसा यांतील आहे.

साक्ष आणि हितसंबंध

शाहूंच्या मृत्यूनंतर (१७४९) रामराजा गादीवर आले, ते ताराबाईंनी त्यांना आपला नातू म्हणून पुढे आणल्यामुळे. सत्तासंघर्षात त्यांनी रामराजांना १७५० मध्ये कैद केले व ते तोतया असल्याचे जाहीर केले. १७५२ मध्ये जेजुरीस तशी शपथही घेतली. साक्षीदार एकच, परंतु साक्षी परस्परविरोधी. दोन्ही वेळी राजकीय हितसंबंध गुंतलेले असल्याने यांपैकी एकच साक्ष पुरेशी मानणे शास्त्रीय ठरत नाही.

पडताळणी

वहीतील नोंद कोणी सांगितली, केव्हा सांगितली आणि ती मूळ आहे की जीर्ण वहीवरून उतरविलेली, हे प्रथम पाहावे. यात्रेकरूने स्वतःच्या भावंडांविषयी दिलेली माहिती पणजोबांविषयीच्या ऐकीव माहितीपेक्षा अधिक विश्वसनीय असते. त्यानंतर दत्तकपत्र, वाटणीपत्र, इनामाचे कागद व जन्ममृत्यू नोंदी यांच्याशी ती ताडून पाहावी.

निष्कर्ष

वंशावळीतील प्रत्येक दुवा हे स्वतंत्र विधान असून त्यास स्वतंत्र पुरावा हवा. तो न मिळाल्यास तेथे प्रश्नचिन्ह ठेवणे हेच संशोधनाच्या शिस्तीस धरून होईल. कारण एका चुकीच्या दुव्याने पुढील सर्व पिढ्या दुसऱ्याच घराण्याशी जोडल्या जातात.